न्यूयॉर्क १८०० की पेनसिल्व्हेनिया १७९६?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षीय निवडणुकीवर तासभर बोलायचं असेल किंवा एखादा लेख लिहायचा असेल, तर सबंध देश अंगावर घेण्यात अर्थ नाही. सोळा राज्यं होती आणि इलेक्टर (राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी) निवडायच्या तऱ्हाही जवळपास तितक्याच. कुठे विधिमंडळ निवडणार, कुठे जिल्हावार मतदान, तर व्हर्जिनियात मतदाराने चारचौघांत तोंडाने मत सांगायचं. या सगळ्याची जंत्री देता देता तास संपतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक राज्य आणि एक निवडणूक धरावी. आणि एकच धरायची म्हटलं की गाडी बहुतेक वेळा या दोन नावांपाशी येऊन थांबते.

मी दोन्ही करून बसलोय. आमच्या वाचनालयाच्या शनिवारच्या मंडळात एका वर्षी न्यूयॉर्क घेतलं, पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनिया. माणसं तीच आणि वेळही तेवढाच.

न्यूयॉर्कचं आकर्षण समजण्यासारखं आहे. गोष्ट आयती बांधलेली मिळते. एप्रिलच्या शेवटापासून १ मेपर्यंत तीन दिवसांचं मतदान आणि शहरातल्या विधानसभेच्या तेरा जागा. त्या ज्याच्या, त्याच्याकडे विधिमंडळ. ज्याचं विधिमंडळ, त्याचे राज्यातले बाराही इलेक्टर. १७९६ मध्ये ही बाराही मतं अध्यक्षपदाचा उमेदवार जॉन अ‍ॅडम्सला गेली होती. १८०० मध्ये त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, थॉमस जेफरसनला, ७३ आणि अ‍ॅडम्सला ६५ मतं पडली. आता ही बारा इकडची तिकडे करून पाहा: अ‍ॅडम्स ७७, जेफरसन ६१. फळ्यावर एवढी एक वजाबाकी मांडली की खोली गप्प होते.

पात्रंही झकास आहेत. अ‍ॅरन बर हा जेफरसनच्या बाजूचा पुढारी. तो आपल्या उमेदवारांची यादी दाबून ठेवतो आणि विरुद्ध पक्षाच्या हॅमिल्टनची बाहेर पडायची वाट बघतो. हॅमिल्टनच्या यादीत किराणा दुकानदार, बेकरीवाला, कुंभार, गवंडी अशी मंडळी. बर मात्र जुन्या गव्हर्नर जॉर्ज क्लिंटनला आणि साराटोगाची लढाई गाजवलेल्या जनरल होरेशिओ गेट्सला विधानसभेच्या साध्या जागेसाठी उभं करतो. आपल्याकडे माजी मुख्यमंत्र्याला नगरसेवकपदाचं तिकीट घ्यायला लावावं, तसंच काहीसं. शेवटच्या दिवशी बर स्वतः सातव्या वॉर्डाच्या केंद्रावर दहा तास ठाण मांडून होता, असं त्याच्याच माणसाने लिहून ठेवलंय. तेराही जागा त्याच्या पदरात पडल्या.

खरी मजा पुढे आहे. त्याच वर्षी रिपब्लिकनांनी (हा जेफरसनचा पक्ष, हे आजचे रिपब्लिकन नव्हेत) इलेक्टर जिल्हावार, थेट मतदारांकडून निवडावेत असं विधेयक आणलं होतं. फेडरलिस्टांनी, म्हणजे अ‍ॅडम्स आणि हॅमिल्टनच्या पक्षाने, ते पाडलं. आणि हरल्याबरोबर ७ मे रोजी हॅमिल्टन गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहितो: जुनं विधिमंडळ पुन्हा बोलवा आणि इलेक्टर जिल्हावार निवडायची सोय करा, नाहीतर एक नास्तिक माणूस (म्हणजे जेफरसन) देशाच्या सुकाणूवर बसेल. जे यांनी उत्तर दिलं नाही. पत्रावर एवढाच शेरा मारला की हा पक्षासाठी सुचवलेला उपाय आहे आणि तो अवलंबणं मला शोभणार नाही. शेरा मारून कागद फायलीला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्या मंडळींना हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडला.

मग तरीही माझं मन न्यूयॉर्कवरून का उडालं? कारण अगदी साधं आहे. आमच्या मंडळात एक निवृत्त तलाठीकाका येतात. आयुष्यभर त्यांनी निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, मतपेट्यांना लाखेचं सील लावलं. अर्धा तास झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, ते सगळं ठीक. पण लोकांनी जेफरसनला मतं किती दिली?"

उत्तर असं की एकही नाही. न्यूयॉर्कमध्ये १८०० साली अध्यक्षपदासाठी एकाही सामान्य माणसाने मत दिलं नाही. लोकांनी विधानसभेला मत दिलं आणि नोव्हेंबरात विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मिळून इलेक्टर नेमले. हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि तासभर निभावणं वेगळं. "लोकांनी जेफरसनला कौल दिला" असं तोंडातून गेलं की लगेच "म्हणजे प्रत्यक्षात विधानसभेला" अशी पुरवणी जोडायची. त्या संध्याकाळी मी ती किती वेळा जोडली ते मोजलं नाही, पण घरी आलो तेव्हा स्वतःचाच कंटाळा आला होता. आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदारांच्या आणि राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांनी निवडले जातात, तेव्हा आपल्या श्रोत्याला हे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आमदाराच्या मताचं मूल्य, पसंतीक्रम, क्रॉस व्होटिंग अशा गप्पा सुरू झाल्या आणि न्यूयॉर्क राहिलं बाजूला. उरलेल्यांनी बर आणि हॅमिल्टनच्या १८०४ च्या द्वंद्वाची गोष्ट काढली. ती त्यांना आधीपासूनच पाठ होती.

तुम्हाला हे कदाचित खटकणारही नाही. पुढाऱ्यांचं राजकारण हाच तुमचा विषय असेल तर न्यूयॉर्कला तोड नाही. मला मात्र निवडणूक म्हटलं की मतदार दिसायला हवा.

पेनसिल्व्हेनियात तो दिसतो, तोही हातात चिठ्ठी घेऊन. ४ नोव्हेंबर १७९६, शुक्रवार. राज्याला पंधरा इलेक्टर आणि सबंध राज्य म्हणजे एकच मतदारसंघ. ज्याने राज्याचा किंवा काउंटीचा कर भरला आहे असा एकवीस वर्षांवरचा, दोन वर्षं राज्यात राहिलेला कुणीही स्वतंत्र पुरुष मत देऊ शकत होता. आणि कायद्याची खुबी अशी की चिठ्ठी छापलेली चालणार नाही, पंधराच्या पंधरा नावं हातानेच लिहिलेली हवीत. चिठ्ठीवर अ‍ॅडम्स नाही, जेफरसनही नाही. पंधरा स्थानिक माणसांची नावं, बस.

वाचताना हे सहज डोळ्यांखालून जातं. म्हणून मी मंडळात कोरे कागद वाटले, जेफरसनवाल्यांची यादी फळ्यावर लिहिली आणि शाईपेनाने उतरवून घ्यायला सांगितलं. थॉमस मॅककीन, पीटर म्यूलेनबर्ग, विल्यम मॅकले, विल्यम अर्व्हाइन, जोनास हार्टझेल अशी पंधरा नावं, इंग्रजीतून. आम्ही अकरा जण होतो. पहिला कागद साडेतीन मिनिटांनी आला, शेवटचा सातव्या मिनिटाला. दोघांच्या यादीत चौदाच नावं भरली. म्यूलेनबर्गच्या स्पेलिंगचे चार प्रकार निघाले. आणि आमच्यासमोर यादी होती, डोक्यावर ट्यूबलाइट होती. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याने हे कसं केलं असेल?

त्याने केलंच नाही. त्याला लिहिलेली चिठ्ठी आयती हातात मिळाली. इथे जॉन बेकली येतो. हा प्रतिनिधिगृहाचा क्लार्क, पद सचिवासारखं. जेफरसनच्या बाजूची सगळी बांधणी त्याच्याकडे होती. हातांनी लिहून काढलेल्या हजारो चिठ्ठ्या त्याने राज्यभर पोहोचवल्या. त्याचं एक पत्र आहे, त्यात तो कळवतो की दोन मित्र घोड्यावरून मधल्या आणि खालच्या काउंट्यांत फिरणार आहेत, सोबत सहा-आठ हजार चिठ्ठ्या घेऊन. सहा हजार गुणिले पंधरा. किती घरांत किती रात्री मेणबत्त्या जळल्या असतील, याचा हिशेब आमच्या मंडळाने त्या सात मिनिटांवरून आपापला केला. मतदानाच्या सकाळी मांडव टाकून चिठ्ठ्या देणारी पोरं आपण लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे बेकली समजावून सांगावा लागत नाही. पुढच्याच वर्षी फेडरलिस्टांनी एका मताच्या फरकाने त्याला त्या पदावरून घालवलं.

निकालही असा की विसरता येत नाही. फरक फारच थोडा होता. पश्चिमेच्या टोकाला नव्याने झालेल्या ग्रीन काउंटीचे आकडे अ‍ॅलेघेनीचे डोंगर ओलांडून वेळेत पोहोचले नाहीत. इलेक्टरांनी डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी मत द्यायचं, हे १७९२ च्या कायद्याने ठरलेलं होतं आणि त्याला इलाज नव्हता. त्यामुळे जेफरसनवाल्या तेरांच्या जोडीला दोन फेडरलिस्ट निवडून आल्याचं जाहीर झालं. आता आकडे बघा: जेफरसन १४, अ‍ॅडम्स १. तेरा हवे होते, मग चौदावा कुठून आला?

तो सॅम्युअल माइल्स, फिलाडेल्फियाचा माजी महापौर. फेडरलिस्ट यादीतून निवडून आला आणि मत दिलं जेफरसनला. त्यावर एका मतदाराने वर्तमानपत्राला चिडून पत्र लिहिलं की अ‍ॅडम्स की जेफरसन हे ठरवायला मी माइल्सला निवडलंय का? मी त्याला काम करायला निवडलं, विचार करायला नव्हे. तलाठीकाकांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पक्षांतरावर आपल्याकडे इतकी चर्चा होते, पण एवढं थोडक्यात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या खोडीही सांगायला हव्यात. एक म्हणजे ओळखीचा चेहरा नाही. बेकली आणि माइल्स ही नावं ऐकून सभागृहात कुणी सावरून बसत नाही. पहिली दहा मिनिटं तुम्हालाच ओढायची असतात. दुसरं, "जेफरसनला किती मतं?" या प्रश्नाचं सरळ उत्तर इथेही नाही. प्रत्येक इलेक्टरची मतं वेगवेगळी मोजली गेली, म्हणून पंधरा उमेदवारांचे पंधरा आकडे. पण निदान आकडे तरी आहेत! फिलिप लँपी या संशोधकाने जुन्या वर्तमानपत्रांतून अशा निकालांची टिपणं काढण्यात उभी हयात घालवली. वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीमुळे ती आता घरबसल्या बघता येतात. न्यूयॉर्कची पत्रं त्याहून सोयीची: हॅमिल्टनची पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट खुली केली आहेत आणि इंग्रजीही सुबक आहे. तयारीला एकच रविवार असेल तर न्यूयॉर्क घ्या, मी नाव ठेवणार नाही.

तिसरं, फ्रान्सचा राजदूत पिएर आदे. मतदानाच्या ऐन तोंडावर त्याने अमेरिकी सरकारला लिहिलेली नोट फिलाडेल्फियाच्या 'ऑरोरा' या वर्तमानपत्रात छापून आणली. परदेशी हस्तक्षेप म्हणून तिच्यावर वीस मिनिटं घालवायचा मोह होईल. पण त्या नोटेमुळे किती मतं फिरली हे कुणालाच दाखवता येत नाही. मी ते दोन वाक्यांत उरकतो.

आणि पेनसिल्व्हेनियाच घ्यायचं तर १७९६ चं घ्या, चुकून १८०० चं नको. तेव्हा इलेक्टर विधिमंडळाने निवडले आणि त्याच्या दोन सभागृहांत दोन पक्ष होते. शेवटपर्यंत भांडून आठ जेफरसनला आणि सात अ‍ॅडम्सला अशी वाटणी झाली. तिथेही मतदार गायब.

आमच्या अकरा चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. निघताना तलाठीकाका पुन्हा उभे राहिले. त्यांच्या कागदावर हार्टझेलमधला एक टी गळला होता. "हे मत बाद धरायचं की चालवून घ्यायचं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच चष्मा वर करून बाकीचे दहा कागद तपासायला बसले आणि वाचनालयाची कुलपं लावायला आलेल्या मुलाला अर्धा तास थांबावं लागलं.