गुलाबी डबा, पाना-पेचकस की काडेपेटी? आठ वर्षांच्या मुलीसाठी खेळ निवडताना

इंदूरच्या राणीपुऱ्यातल्या दुकानदाराला मी एवढंच म्हटलं होतं, की भाचीसाठी काहीतरी जोडाजोडीचं, जरा सायन्सचं दाखवा. त्याने नट-बोल्टचा डबा काउंटरवर ठेवलाही होता. "अच्छा, लडकी के लिए?" म्हणत तो त्याने उचलून परत फळीवर ठेवला आणि खालून एक जांभळा डबा काढला. त्यावर चष्मा लावलेली मुलगी, हातात परीक्षानळी, नळीतून बदामाचे आकार उडताहेत. नट-बोल्टचा डबा मी पुन्हा खाली काढायला लावला आणि दोन्ही घेऊन घरी आले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात भाचीच्या हातून असे पाच-सहा खेळ गेले, काही विकतचे, काही ताईच्या कॉलनीतल्या मुलींकडून उसने आणलेले. "मुलीसाठी कोणता घेऊ?" असं हल्ली मैत्रिणी मलाच विचारायला लागल्या आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी त्या जांभळ्या डब्याचा निकाल लावू. आत साबणाचा तयार गोळा, फुलांचे साचे, चमकी आणि सुगंधाची एक चिमुकली बाटली. वितळवा, ओता, थंड करा. एका दुपारी खेळ संपला. वास्तविक साबण हे झकास रसायनशास्त्र आहे. तेलाचा कॉस्टिक सोड्याशी संयोग होऊन तिसरंच काही तयार होतं, आणि त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं तर दुसरं तेलाला. पण ही गंमत कंपनीने कारखान्यातच उरकून घेतली होती, आणि पोरीच्या वाट्याला फक्त साचा आला होता. लिप बाम, अत्तर, आंघोळीचे फसफसणारे गोळे असे 'मुलींसाठी विज्ञान' म्हणून मिळणारे डबे याच जातीचे. भेट म्हणून द्यायला हरकत नाही, पण जोडाजोडीचा खेळ म्हणून घेऊ नका.

आता खऱ्या स्पर्धकांकडे वळू.

लेगो या प्लॅस्टिकच्या विटा बनवणाऱ्या डॅनिश कंपनीने 2012 मध्ये खास मुलींसाठी 'फ्रेंड्स' ही मालिका आणली तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. रंग गुलाबी-जांभळे, ब्यूटी पार्लर, कॅफे... मुलींना एवढंच का, म्हणून अमेरिकेत सह्यांची मोहीम निघाली. पण पहिल्याच वर्षीच्या डब्यांत ऑलिव्हिया नावाच्या मुलीची संशोधनाची खोलीही होती, छोटा रोबो आणि हत्यारांसकट. रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. 1958 साली पेटंट घेतलेली वीट आजच्या विटेत अजून बसते, खुंट्यांमधलं अंतर तेच 8 मिलिमीटर. म्हणजे गुलाबी वीट तुमच्या भावाच्या जुन्या लाल-पिवळ्या विटांतही मुकाट बसणार. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तरी त्या 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. तिथे रंगावरून काय भांडायचं?

माझी कुरकुर बाहुल्यांबद्दल आहे. फ्रेंड्सच्या बाहुल्या लेगोच्या जुन्या ठेंगण्या माणसांपेक्षा उंच आणि नाजूक आहेत. त्यांचे दोन्ही पाय एकत्रच हलतात, आणि मनगट फिरत नाही. हे मला भाचीने दाखवलं. तिने प्रयोगशाळा मोडून पोह्यांचा ठेला केला होता आणि बाहुलीला जिलबी तळायला बसवली होती. "मावशी, हिला झारा उलटा धरताच येत नाहीये." शेवटी तिथे चुलतभावाच्या डब्यातला एक हेल्मेटवाला अग्निशामक जवान कामाला लागला, कारण त्याचं मनगट फिरतं.

या खेळाची ताकद गोष्टीत आहे. चित्र पाहून जोडायला चाळीस मिनिटं लागतात, त्यानंतरचे चाळीस दिवस संसार चालतो. विज्ञान मात्र पाटीवर लिहिल्यापुरतं. सूक्ष्मदर्शक असतो, त्यातून काही दिसत नाही. ज्या मुलीला माणसं आणि गप्पा आवडतात तिच्यासाठी मी हा डबा बेलाशक घेईन. यंत्र कसं चालतं हे तिला कळावं म्हणून घेत असाल, तर पैसे भलत्याच ठिकाणी जातील. आणि पैसे बरेच जातील, कारण आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर नेली आणि 2023 मध्ये 70 वर.

लेगोचेच आणखी दोन डबे अनेकींनी फोटोत पाहिलेले असतात, म्हणून सांगते. एलन कोइमान या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेवरून 2014 मध्ये 'रिसर्च इन्स्टिट्यूट' निघाला. त्यात तीन स्त्रिया: एक डायनोसॉरचा सांगाडा तपासणारी, एक दुर्बिणीपाशी, एक रसायनांच्या टेबलाशी. 2017 मध्ये 'वुमेन ऑफ नासा' आला. अपोलोच्या सॉफ्टवेअरचं काम पाहिलेल्या मार्गारेट हॅमिल्टन त्यात आपल्या प्रोग्रॅमच्या कागदांच्या पुरुषभर उंच चळतीशेजारी उभ्या आहेत. दोन्ही गोड आहेत आणि दोन्ही बंद झालेत. आता मिळतात ते शौकिनांकडून, शौकिनांच्या भावात. आठ वर्षांच्या मुलीसाठी त्यामागे धावू नका. जोडून झाले की ते शोकेसमध्येच जाऊन बसतात.

'शास्त्रज्ञ बाई दिसली पाहिजे' हा हट्ट मात्र मला पटतो. त्यासाठी डेन्मार्कपर्यंत जायला नको. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, आपल्या इंदूरच्याच. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी 'बाई' म्हणून प्रवेश नाकारला, तर त्या तिथून हलल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर आत शिरल्या आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली. भाचीच्या विटांमधल्या ठेंगण्या, पांढऱ्या कोटवाल्या बाहुलीचं नाव आता 'कमलाबाई' आहे. तिचं ते नाव डब्यासोबत आलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नणंदेच्या बॅगेतून आलेला 'गोल्डीब्लॉक्स' हा वेगळ्या डोक्याचा खेळ. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेल्या डेबी स्टर्लिंग यांनी 2012 मध्ये लोकवर्गणीतून तो उभा केला. मागितले होते दीड लाख डॉलर, जमले पावणेतीन लाखांहून जास्त. त्यांचं म्हणणं असं, की मुलींना गोष्ट हवी असते, तर यंत्र गोष्टीतूनच येऊ दे. म्हणून डब्यात एक पुस्तक, भोकांची पाटी, फिरक्या, आस आणि एक लांब रिबन. पुस्तकातल्या गोल्डी नावाच्या मुलीला तिचा कुत्रा गरगर फिरवायचा असतो. मग त्याचे मित्र म्हणतात आम्हालाही, आणि एका रिबनीवर पाच फिरक्या चढतात.

रिबन म्हणजे पट्टा, हे पुस्तक थेट सांगत नाही. पण आठवड्याने चक्कीवर गहू दळायला गेलो तेव्हा भाची मोटरीकडे बघत उभी राहिली. घरी येऊन तिने रिबनीला मधे पीळ देऊन इंग्रजी आठासारखी केली, आणि दुसरी फिरकी उलटी फिरायला लागली. तेवढ्या पाच मिनिटांसाठी मी त्या डब्याचे सगळे गुन्हे माफ करते. गुन्हे म्हणजे इतकेच, की तुकडे थोडे, आणि गोष्ट वाचून संपली की करायला फारसं उरत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलीला तो छान, आठव्या वर्षी उशीर झालेला असतो. कोणी येणार-जाणार असेल तर मागवा.

आता फळीवर परत गेलेला तो डबा.

भोकांच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चाकं. आपल्याकडे हे 'मेकॅनिक्स' नावाने मिळतं. याचा मूळपुरुष लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचा 'मेकॅनो', पेटंट 1901 चं, दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच. जुन्या मेकॅनोची जाहिरातच 'मुलग्यांसाठी इंजिनिअरिंग' अशी असायची. राणीपुऱ्यातल्या भल्या माणसाचं चुकलं असं तरी कसं म्हणू? शंभर वर्षांची सवय आहे ती.

पहिला दिवस रडारडीचा गेला. बोटं लहान, नट त्याहून लहान, दोन नट दिवाणाखाली. विटा दाबल्या की बसतात, इथे एका हाताने पाना धरून दुसऱ्याने पेचकस फिरवायचा असतो. दुसऱ्या दिवशी क्रेनचा दांडा एका बोल्टवर लटकत होता तो तिने वैतागून दोन बोल्टांनी आवळला. दांडा पक्का झाला, पण आता वर-खाली होईना. एका बोल्टवर पट्टी फिरते, दोनावर थांबते. बिजागरी आणि जोड यांतला हा फरक मी तिला सांगितला असता तर तिने मान डोलावून सोडून दिला असता.

चाकाची गंमत त्याहून भारी. नट आवळला की चाक फिरत नाही. सैल ठेवला तर चार फेऱ्यांत नट निघून पडतो. तीन दिवस गाडी अशी गळत होती. मग माझा धीर सुटला आणि मी तिला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेलं. त्याने गाडी उलटी करून पाहिली, हसला आणि म्हणाला, "चेकनट लगाओ बेटा." पहिला नट सैल ठेवायचा, त्याच्यावर दुसरा आणून एकमेकांवर आवळायचे. दोघे एकमेकांना धरून बसतात आणि चाक मोकळं राहतं. त्यानंतर घरातल्या प्रत्येक सायकलीच्या चाकाशी बसून तिने चेकनट शोधले.

डब्यावरचं चित्र जोडून संपलं की काय उरतं, हे मी प्रत्येक खेळाबाबत पाहते. या डब्यात बिघाड उरतो, आणि तो दुरुस्त करता येतो. साबणात बिघडायलाच काही नव्हतं.

तोटे आहेतच. डब्यावर मुलीचं चित्र क्वचित दिसतं, सूचनांची चित्रं डोळे फाडून बघावी लागतात, आणि सुरुवातीला शेजारी मोठं माणूस बसावं लागतं. तुम्हाला संध्याकाळी अर्धा तास नसेल तर हा डबा आठवडाभरात माळ्यावर जाईल.

आणि सगळ्यात स्वस्त तो खेळ दुकानात मिळतच नाही. अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, 1978 मध्ये कारखान्यातून रजा काढून आपल्या मध्य प्रदेशात होशंगाबादला आले. तिथे 1972 पासून खेड्यातल्या शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायचा उपक्रम चालू होता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी काड्यांचा मेकॅनो केला. पुढे ते पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेले, 2018 मध्ये पद्मश्री झाले, त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत.

कृती साधी. नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करा, काड्यांचा गूल खरवडून टाका, नळीत दोन्हीकडून एकेक काडी घाला, झाला सांधा. तिसरी काडी हवी तर नळीला मधे सुईने भोक पाडा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. बारा काड्यांचा घन केला तर तो उभा राहतच नाही, दमलेल्या माणसासारखा खाली बसतो. भाचीने त्याला आतून काड्या लावायला घेतल्या तर काडी आखूड पडली. बाजू 4 सेंटिमीटर असेल तर कर्ण साधारण 5.7 लागतो. मग खराट्याच्या काड्या मोजून कापल्या. एक भिंत, दोन भिंती, पाच भिंती, तरी घन डुलतोच. सहाव्या भिंतीला कर्ण लागला आणि तो ताठ झाला. तिने त्यावर पाटी ठेवली, पाटीवर डिक्शनरी.

वीस रुपयांची नळी आणि दोन काडेपेट्या. तरीही वाढदिवसाला हे बांधून नेऊ नका, पोरीचं तोंड बघवणार नाही. डबा वेगळा न्या, हे एखाद्या पावसाळी रविवारी काढा. सुई असल्यामुळे पहिल्यांदा जवळ बसा.

तर माझं मत असं. मुलगी पाच-सहा वर्षांची असेल तर गोष्टीचा किंवा विटांचा खेळ, गुलाबी असला तरी चालेल. सात-आठच्या पुढे आणि घरात कोणी शेजारी बसणारं असेल तर नट-बोल्ट, डोळे मिटून. बसणारं कोणी नसेल तर विटाच बऱ्या, त्या एकटीने खेळता येतात. बॅटरी-मोटरवाले डबे पहिल्या वर्षी टाळा, मोटर फिरली की मूल बघत बसतं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर यातलं काहीच जमिनीवर पसरू देऊ नका, नट थेट तोंडात जातो.

डबा घेताना आयएसआयचा शिक्का बघा. 1 जानेवारी 2021 पासून तो खेळण्यांवर बंधनकारक आहे, आणि शिक्का नसलेला माल गल्लीत अजून दिसतो. आणि नट हरवणारच, हे धरून चाला. सुटे नट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, सियागंजात तर मूठभर देतात. फक्त जाताना डब्यातला एक बोल्ट नमुन्याला सोबत ठेवा. मी अंदाजाने आणलेले पन्नास नट एकाही बोल्टवर चढले नाहीत. ते सध्या पोह्यांच्या ठेल्यावर बटाटे म्हणून विकले जातात.