पिस्तूल ऑनलाइन घेताय? खोट्या रिव्ह्यूंचं हे दुकान आधी ओळखा

ऑनलाइन पिस्तूल घ्यायचा विचार असेल आणि विकणारा "कार्ड नको, झेलवर पैसे पाठवा" म्हणत असेल, तर तिथेच थांबा. झेल म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची इथली सोय. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आम्ही टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. गॅस स्टेशन आहे, त्याला लागून छोटं स्टोअर. जवळ बाळगायच्या एका छोट्या पिस्तुलापायी आमचे पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या लायसन्सचे फोटो चोरांच्या हाती लागले. मंडळात कुणाजवळ बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. पण परवा ओळखीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, मी पण पिस्तूल बघतेय, ही साइट बरी वाटतेय," आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. साइटचं नाव वेगळं, रंग वेगळे, पण खालचे रिव्ह्यू तेच, शब्दन् शब्द तेच. मग गप्प बसवेना.

पिस्तूल हवंच कशाला, असं पुण्याहून माझ्या जाऊबाईंनी विचारलं होतं. रात्री दुकान बंद करून कॅश घेऊन एकटीने गाडीपर्यंत चालत जायचं असतं, आणि आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या स्टोअरमध्ये बंदूक दाखवून गल्ला नेला होता. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदी नसेल तर २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरी मी रीतसर क्लास केला, रेंजवर नेमबाजीची परीक्षा दिली आणि एलटीसी, म्हणजे लायसन्स टू कॅरी, घेतलं. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. त्यांच्याही घरातलं कुणीतरी उद्या घेणार असेल, त्याच्यासाठी हे वाचा.

आता पिस्तुलांबद्दल, कारण फसवणूक कुठून आत शिरली ते त्याशिवाय कळणार नाही. नवख्या माणसाला वाटतं, जितकं छोटं तितकं सोपं. प्रत्यक्षात उलटं आहे. हलक्या पिस्तुलाचा हाताला बसणारा धक्का मोठा असतो, पकडायला जागा कमी असते आणि स्लाइड, म्हणजे गोळी आत चढवायला मागे ओढायचा वरचा भाग, ओढायला जोर लागतो. रेंजवर मी वेगवेगळी भाड्याने घेऊन चालवून पाहिली. ग्लॉक १९ हाताला फार छान, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, पण माझ्या अंगावर ते कपड्यांतून दिसायचं. २०१५ मध्ये आलेलं ग्लॉक ४३ सडपातळ, पण ६ गोळ्यांचं. सिग पी३६५ हे २०१८ मध्ये आलं आणि तेवढ्याशा आकारात १० गोळ्या बसवल्या म्हणून त्याचा बोलबाला झाला. ते मला आवडलं, पण दुकानात दिवसभर खोकी उचलून संध्याकाळी मनगट दुखत असताना त्याची स्लाइड ओढणं मला जमेना. शिकवणाऱ्या बाईंनी मग स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी शील्ड ईझेड हातात दिलं. त्याची स्लाइड बोटांनी सहज मागे येते, आणि मॅगझिनला बाजूला छोटी बटणं आहेत, ती खाली दाबून धरली की गोळ्या भरताना अंगठा सोलत नाही. मुठीच्या मागच्या बाजूला एक सेफ्टी असते, पकड पक्की नसेल तर ते उडतच नाही. ते दोन आकारांच्या गोळ्यांसाठी मिळतं: पॉइंट ३८० चं मॉडेल २०१८ चं, ९ एमएमचं २०२० चं. मला ९ एमएम हवं होतं.

मग घरी बसून, ज्यांच्याकडे ते आहे त्यांची मतं वाचायला लागले. खऱ्या मालकांचं बोलणं कसं असतं ते नीट लक्षात घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. खरा मालक तक्रार करतो. "पकड जरा ढिली झाली की मागची सेफ्टी दबत नाही." "८ गोळ्याच का?" "अमुक कंपनीच्या गोळ्या अडकतात, तमुकच्या नाहीत." पी३६५ ज्यांनी सुरुवातीला घेतलं त्यांच्यातले कितीतरी जण फायरिंग पिन मोडल्याचं लिहून गेलेत. ९ एमएमच्या शील्ड ईझेडबद्दल तर कंपनीनेच नोव्हेंबर २०२० मध्ये हॅमरच्या दोषाची सूचना काढली, कारण एकदा चाप ओढल्यावर एकापेक्षा जास्त गोळ्या सुटण्याचा धोका होता, आणि १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेली पिस्तुलं तपासणीसाठी मागवली. खरे मालक त्याबद्दल बोलतात: माझ्या पिस्तुलाचा नंबर त्यात होता की नव्हता, परत यायला किती वेळ लागला, वगैरे. जुनं पिस्तूल कुणी विकत असेल तर हे विचारायलाच हवं.

आमच्या त्या साइटवर असलं काही नव्हतं. पाच पाच तारे आणि ओळीने कौतुक. "माझ्या बायकोला हे फार आवडलं, आता तिला सुरक्षित वाटतं." "पर्समध्ये अलगद मावतं." "पॅकिंग उत्तम, वेळेत आलं, विक्रेता प्रामाणिक." गोळी अडकली का, कोणत्या गोळ्या वापरल्या, होल्स्टर कुठलं, यावर चकार शब्द नाही. पिस्तुलाबद्दल कमी आणि दुकानाबद्दल जास्त. शिवाय आमच्या शिकवणाऱ्या बाई पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याच्या सक्त विरोधात, कारण पर्स हिसकावली की पिस्तूलही गेलं. तिथे मात्र जो तो पर्सचं गुणगान गात होता. त्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं अवतरणात टाकून गूगलवर शोधलं की तेच वाक्य दुसऱ्या पिस्तुलाखाली, दुसऱ्या दुकानाच्या नावाने सापडतं. हे तुम्ही पैसे भरण्याआधी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

किंमत? इथेच चोर हुशार निघाले. अर्ध्या किमतीत देतो म्हणाले असते तर कुणालाही संशय आला असता. आजूबाजूला जे चारशे डॉलरच्या पुढे मिळत होतं ते त्यांनी ३८९ ला लावलं होतं, एवढंच. दुकानाचं नाव दुसऱ्या राज्यातल्या एका खऱ्याखुऱ्या जुन्या दुकानाचं, फक्त साइटच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. खाली त्या दुकानाचं बंदुका विकायचं फेडरल लायसन्स, म्हणजे एफएफएल, त्याची प्रतसुद्धा लावलेली.

पैसे भरायच्या पानावर कार्ड चालेना. चॅटवर लगेच एकजण हजर. म्हणे, पेपॅल आणि कार्डवाल्या कंपन्या बंदुकीच्या दुकानांना त्रास देतात, म्हणून आम्ही झेल घेतो, वर पाच टक्के सूट. यातलं अर्धं खरं आहे: पेपॅलवर बंदूक विकायला बंदीच आहे. अशा अर्ध्या सत्याला धरूनच खोटं आत येतं. पण अमेरिकेतली कितीतरी खरी दुकानं ऑनलाइन क्रेडिट कार्ड घेतात, आणि क्रेडिट कार्डावर वस्तू आली नाही तर तक्रार करून पैसे परत मागता येतात. झेलवर तसं नाही. बँकेने आम्हाला सांगितलं ते असं: पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, खात्यात कुणी घुसलेलं नाही, आम्ही काही करू शकत नाही.

त्यानंतर "व्हेरिफिकेशन" म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सच्या दोन्ही बाजू आणि एलटीसीचा फोटो मागितला. पार्सल कुठे गेलं ते दाखवणारी एक लिंक आली, तीही त्यांचीच. मग दोन दिवसांनी ईमेल: बंदुकीच्या पार्सलला जादा विमा लागतो, १५० डॉलर, माल पोचल्यावर परत मिळतील. नवऱ्याने विचारलं की विमा आधीच का नाही लावला, तेव्हा भाषा बदलली. पैसे भरले नाहीत तर "बेवारस टाकलेलं शस्त्र" म्हणून एटीएफला, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवू, आणि तुमच्या इमिग्रेशनवर त्याचा परिणाम होईल, असं लिहिलं. माझं नाव वाचूनच त्यांनी हा बाण सोडला असणार. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते या देशात बाहेरून आलेल्या माणसालाच कळेल. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. पैशाची चोरी एक वेळ समजू शकते, पण वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून मिळवलेल्या कागदाची भीती घालून आणखी १५० डॉलर उकळायचे, याला माणुसकी म्हणत नाहीत.

सकाळी आम्ही गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो, जिथे ते पिस्तूल यायचं होतं. मालक म्हातारे गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "त्यांनी माझ्याकडे माझं लायसन्स मागितलंच नाही. असं कसं?" दुसऱ्या राज्यातून हँडगन विकत घेतली की ती थेट घरी येत नाही. विकणारा ती तुमच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे पाठवतो, त्याआधी त्या डीलरच्या लायसन्सची प्रत घेतो, आणि तुम्ही तिथे जाऊन बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरता, ओळखपत्र दाखवता. पार्श्वभूमी तपासणी तिथे होते, किंवा आमच्या टेक्ससमध्ये एलटीसी दाखवलं तर त्यावर भागतं. मग पिस्तूल हातात. आमच्या "विक्रेत्याने" डीलरचं फक्त नाव विचारलं होतं, फोन कधीच केला नव्हता.

मग त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. एटीएफच्या साइटवर एफएफएल ईझी चेक नावाची सोय आहे, ती कुणालाही वापरता येते. लायसन्स नंबरातले पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकायचे. टाकले, आणि नंबर खरा निघाला! दुकानाचं नाव, पत्ता, सगळं जुळलं. मला क्षणभर वाटलं, आपलाच काहीतरी गैरसमज झालाय. ते म्हणाले, थांबा. साइटवरचा फोन नंबर न वापरता त्यांनी त्या पत्त्यावरच्या दुकानाचा नंबर वेगळा शोधला आणि स्पीकरवर फोन लावला. पलीकडची बाई वैतागलेली होती. त्यांच्या लायसन्सची प्रत कुणीतरी पळवली होती आणि पिस्तूल कुठे आहे असं विचारणारे फोन त्यांना रोज येत होते. डीलर लोक एकमेकांना या प्रती ईमेलने पाठवतात, त्यामुळे त्या इकडेतिकडे फिरत राहतात. म्हणजे नंबर खरा असणं पुरेसं नाही. तो नंबर ज्याचा आहे त्याच्याशी, स्वतः शोधलेल्या फोनवर, बोलल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

धमकीचं ईमेल दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की फॉर्म भरून तुम्ही वस्तू ताब्यात घेतलेलीच नाही, तर बेवारस टाकणार काय? आणि एटीएफ ईमेलवर पैसे मागत नाही. ज्यांना असं ईमेल आलंय त्यांनी हे दोन वाक्यांत लक्षात ठेवा आणि उत्तरसुद्धा देऊ नका.

नंतर जे केलं ते सांगते, कारण ही वेळ कुणावर आली तर उशीर नको. एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरवर तक्रार, ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या एफटीसी या सरकारी खात्याकडे तक्रार, टेक्ससच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार. एफटीसीची आयडेंटिटी थेफ्टसाठी वेगळी साइट आहे, तिथे पुढे काय काय करायचं ते क्रमाने मिळतं. लायसन्सचे फोटो गेले असल्यामुळे एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. ते २०१८ पासून देशभर फुकट आहे, आणि तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं, एका ठिकाणी करून भागत नाही. आयआरएस या टॅक्स खात्याकडून सहा आकडी आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन घेतला, म्हणजे आपल्या नावाने दुसरं कुणी टॅक्स रिटर्न भरू शकणार नाही. पैसे परत आलेले नाहीत. पिस्तूल शेवटी त्याच म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतलं, काउंटरवर हातात धरून, त्याचा सीरियल नंबर जुन्या सूचनेत नाही ना हे बघून.

दोन गोष्टी राहिल्या. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांसाठी: तुमच्याकडे प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा वेगळा परवाना लागतो. तेव्हा एडिसनमध्ये कुणी "घरपोच पिस्तूल" म्हणाला तर तो चोरच आहे, आणखी तपासायची गरज नाही.

आणि एच-वन-बी वर असलेल्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी हे जास्त गंभीर आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक घ्यायला आणि बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. चालू हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण ते चॅटवरच्या विक्रेत्याच्या भरवशावर ठरवू नका, वकिलाला विचारा. त्या साइटवरच्या प्रश्नोत्तरांत "व्हिसावाल्यांनाही विकतो, काही अडचण नाही" असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. परवा त्या मुलीने दाखवलेल्या साइटवरही ते वाक्य तसंच आहे. ती एच-वन-बी वर आहे.