समूह की समुपदेशक?

रात्री अकरानंतर ओट्याशी उभ्याने फरसाणाचा अख्खा पुडा संपवून रिकामी पिशवी कचऱ्यात खोल दडवणाऱ्या ठाण्याच्या नौपाड्यातील प्रौढ माणसाचे नुसत्या आहारतक्त्याने भागत नाही. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरईटर्स ॲनॉनिमस’सारख्या, अतिखाण्याशी झगडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या स्वमदत समूहात शुल्क नसते, कोणी वजन करत नाही, आणि समोरच्यानेही पिशवी दडवलेली असल्यामुळे लाज ओसरते, ऑनलाइन सभांमुळे लोकलची गर्दीही (ठाणेकरांना हे सांगायला नको) टळते. मात्र तेथे निदान होत नाही. अतिभक्षणाच्या विकारावर परिणामकारक ठरलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन, सीबीटी) प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळते. फी जड वाटल्यास ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलून सुरुवात करता येते. मुद्दाम उलट्या काढण्याची सवय किंवा मधुमेह असल्यास, माझ्या मते, आधी डॉक्टर गाठावा, समूह त्यानंतर.