नान्नज अभयारण्य : पहाटेचे तीन तास

सोलापूरहून बार्शी रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. माळढोकासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य झालं आणि नावही त्याचंच आहे, पण माळढोक दिसेल या आशेवर गाडी काढू नका. वर्षाला जेमतेम एक अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी. समोरच्या विजेच्या तारा त्याला नीट दिसत नाहीत आणि अंग जड असल्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. आता इथे तो दिसणं फार दुर्मीळ झालंय. काळवीट, खोकड, भोवत्या नावाचा शिकारी पक्षी आणि नशीब असेल तर लांडगा, एवढ्यासाठी मात्र नान्नजला यायलाच हवं. सोलापूरकरांनी तर नक्कीच.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे पावणेसहाला सोलापूर सोडायचं. उशीर झाला तर फेरी वाया गेलीच म्हणून समजा: नऊनंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि दोनशे मीटरवरचा काळवीट लेन्समधून पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. लेन्स कितीही महागडी असली तरी त्यावर इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सावलीला झाड सापडत नाही, तेव्हा येऊच नये.

आधी वन विभागाकडे नोंद करा आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. अभयारण्य सलग नाही. माळाचे तुकडे आणि ज्वारी-तुरीची शेतं एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यामुळे नवख्याला कुठे थांबावं आणि कुणाच्या बांधावर जाऊ नये हे कळत नाही.

काळवीट बघायचा तर गाडीतूनच. गाडीला तो फारसा बुजत नाही, दोन पायांवर चालणारा माणूस दिसला की मात्र लगेच अंतर वाढवतो. इंजिन बंद करा, दारं उघडू नका, खिडकीत वाळूची छोटी पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेका. वाटेत लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर तिथून थोडं लांब थांबून राहा. नर आपल्या हद्दीच्या खुणेसाठी त्याच ढिगावर पुन्हा पुन्हा येतो. अंगावरचा गर्द काळा रंग, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं आणि शिंगांचा पीळ बघायला याहून सोपी जागा नाही. कळपामागे गाडी पळवणारे लोक दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. त्या धावपळीत पाडसं आयांपासून तुटतात.

संध्याकाळी पुन्हा यायचं असेल तर भोवत्यांसाठी या. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच रात्र काढतात. सूर्यास्ताआधी अर्धा तास उंचवट्यावर बसलं की ते खालून, गवताला घासत आल्यासारखे येताना दिसतात. ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते.

आता कुसळांचं. कुसळी गवताचं बी टोकाला सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पिळलेली लांब शेपटी. दव लागलं की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी मातीत घुसतं, तसंच मोज्यातही. कापडी बूट आणि लोकरी मोजे घातले तर अर्धी सकाळ कुसळं उपटण्यात जाते. गुळगुळीत चामड्याचे बूट आणि घोट्यापर्यंत घट्ट बसणारी नायलॉनची पँट घाला. मोटारसायकलवाल्यांनी पंक्चरचं सामान ठेवावंच, कारण बाभळीचे काटे सगळीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा टाळाव्यात, चिखल मडगार्डमध्ये भरून चाक अडकतं.

आत खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नका. माणशी दोन लिटर पाणी आणि कडक भाकरी-शेंगाचटणी न्या, दिवसभर टिकते. एसटीने यायचं तर सोलापूर-बार्शी गाडी नान्नजला थांबते, पण पहाटेची वेळ साधत नाही, म्हणून स्वतःचं वाहन बरं.

फेब्रुवारीत आलात तर परतताना द्राक्षं घ्या. सोनाका ही जात इथलीच, सोलापूर, नान्नज आणि ती तयार करणारे काळे, या तिघांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव झालं.