लातुरातली नौदल व्याख्यानमाला : इतिहास उत्तम, यादी नकोशी

लातुरात शिकवण्यांना तोटा नाही, परंतु राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींसाठी उघडल्यापासून त्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्गही शहरात दिसू लागले आहेत. अशाच एका खासगी अकादमीने नेहमीच्या गणित-इंग्रजीच्या तासिकांखेरीज मुली आणि पालक यांच्यासाठी रविवारची एक व्याख्यानमाला चालवली आहे, आणि तिचा विषय आहे नौदलातील स्त्रियांचा आरंभीचा इतिहास. भाची या वर्गात असल्यामुळे मीही तिच्यासोबत ही संपूर्ण माला ऐकली. आठही जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नसलेल्या मराठवाड्यात हा विषय निवडला गेला, याचेच मला आधी कौतुक वाटले.

शिकवणारे गृहस्थ नौदलाच्या संदेशवहन शाखेतून निवृत्त झालेले आहेत आणि मूळचे याच भागातले असल्यामुळे पालकांशी त्यांचे बोलणे सहज जुळते. पहिल्याच रविवारी एका आईने विचारले, “सर, आमच्या लेकीला पवायला येत नाही, मग नौदलात कसं व्हायचं?” त्यावर त्यांनी सांगितले की पोहणे प्रशिक्षणात शिकवतात, आणि राहिली इतिहासाची गोष्ट, तर नौदलात भरती झालेल्या पहिल्या बहुतेक स्त्रियांनी आपली सेवा किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांतच पूर्ण केली. पुढचा सगळा विषय त्यांनी या एका उत्तरातूनच उलगडत नेला.

१९१७च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या नौदलात लॉरेटा वॉल्श भरती झाल्या, तेव्हा युद्ध दाराशी आले होते आणि किनाऱ्यावरचे कारकून जहाजांवर पाठवायचे तर त्यांच्या जागी बसायला माणसे नव्हती. १९१६च्या राखीव नौदलविषयक कायद्यात पुरुषच हवा अशी अट नाही, हे नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी हेरले आणि युद्ध संपेपर्यंत ११ हजारांहून अधिक स्त्रिया कारकून, टंकलेखक आणि दूरध्वनीचालक म्हणून दाखल झाल्या, त्याही पुरुषांइतक्याच पगारावर. मात्र १९२५च्या कायद्याने राखीव दलात पुरुष नागरिकांचीच अट घातली. ब्रिटनमध्येही तेच घडले : कॅथरीन फर्स यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९१७ मध्ये उभे राहिलेले स्त्रियांचे नौदल १९१९ मध्ये मोडीत निघाले आणि दुसरे महायुद्ध येताच १९३९ मध्ये व्हेरा लॉटन मॅथ्यूज यांच्या हाती पुन्हा उभे राहिले. मनुष्यबळाची टंचाई आली की दार उघडायचे आणि टंचाई सरली की लावून घ्यायचे, हा क्रम सरांनी फळ्यावर नुसत्या सनांनी मांडला. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात कारणे शिकवली जात नाहीत अशी माझी समजूत होती. इथे तरी ती शिकवली गेली.

मालेचा कळस मात्र लिव्हरपूलच्या रविवारी गाठला गेला. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या अटलांटिकमधली मालवाहू जहाजे बुडवत असताना कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी त्या शहरात डावपेचांचे एक प्रशिक्षण केंद्र उभारले, आणि त्यांच्या हाताखालच्या बहुतेक सहकारी नौदलातल्या तरुण मुली होत्या. एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर चौकटी आखून, तिच्यावर छोट्या नौका सरकवून आणि खडूने त्यांचे मार्ग रेखून प्रत्यक्ष लढाया पुन्हा खेळल्या जात. शिकायला आलेले अधिकारी आडोशाच्या फटीतून पाहत, आणि पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढलेला असल्यामुळे तो त्यांना लांबून नीट दिसत नसे. सरांनी सभागृहातल्या सतरंज्या गुंडाळायला लावल्या, फरशीवर पांढऱ्या आणि हिरव्या खडूने तोच खेळ मांडला आणि अकरावीतल्या मुलींना दोन बाजूंत विभागून खेळवला. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि जॅनेट ओकेल या तरुणीने त्यांना पुन्हा पुन्हा बुडवले, ही हकीकत त्यांनी खेळ संपल्यावर सांगितली, आणि तोवर मुलींना तिचा अर्थ आपोआप कळलेला होता. शुल्क केवळ या एका तासासाठी घेतले असते तरी माझी तक्रार नव्हती.

यानंतर घसरण सुरू झाली. भारताच्या वाट्याला आलेला रविवार सर्वांत त्रोटक ठरला, आणि हे मला अक्षम्य वाटते. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या साहाय्यक दलातून १९४४ मध्ये ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ ही नौदलाची शाखा निघाली. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांचे प्रशिक्षण त्यांनी पाहिले. त्यांचे साडी नेसलेले छायाचित्र पडद्यावर आले आणि लगेच गेले. १९४६चे मुंबईतले नाविकांचे बंड आपल्या मुलींना माहीत असते. त्याच काळात त्याच नौदलात भारतीय स्त्रियाही काम करत होत्या, हा धागा जोडायला फार वेळ लागला नसता.

१९४७ नंतरची पोकळी तर सरळ ओलांडली गेली. १९५७च्या नौदल कायद्याचे नवव्या कलमाचे दुसरे उपकलम सांगते की केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील तेवढ्याच शाखांत स्त्रियांना घेता येईल; आणि त्या कलमाचा आधार घेऊन पहिली अधिसूचना निघायला १९९१चा ऑक्टोबर उजाडावा लागला, तीही रसद, विधी आणि शिक्षण या तीन शाखांपुरती. अमेरिकेत कायद्यातली फट शोधणारा मंत्री होता आणि आपल्याकडे कायद्यानेच ठेवलेली किल्ली तीन दशकांहून अधिक काळ कोणी फिरवली नाही, ही तुलना सरांच्या स्वतःच्या मांडणीतून निघत होती, तरी ती केली गेली नाही. नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा (पर्मनंट कमिशन) मार्ग खुला करणारा १७ मार्च २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यात लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराजा आणि इतर अधिकारी विरुद्ध केंद्र सरकार असा वाद होता, एका ओळीत उरकला गेला. रशियन बनावटीच्या काही जहाजांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे नाहीत, असेही एक कारण सरकारने पुढे केले होते आणि न्यायालयाने ते मानले नाही, एवढे सांगितले असते तरी मुलींनी कान टवकारले असते. आपल्याकडच्या कित्येक शाळांतल्या मुलींना हा युक्तिवाद ओळखीचा आहे.

त्याऐवजी शेवटचा पूर्ण रविवार ‘पहिल्या महिला’ पाठ करण्यात गेला. पहिल्या नौदल वैमानिक शिवांगी, २०१९. युद्धनौकेचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या अधिकारी प्रेरणा देवस्थळी, आयएनएस त्रिंकट. असे प्रश्न आणि चार पर्याय. परीक्षेला हे लागते, हे मान्य आहे. पण लेखी परीक्षा ९०० गुणांची असली तरी तेवढ्याच, ९०० गुणांच्या मुलाखत मंडळासमोर ‘तुला नौदलच का?’ याचे उत्तर नावांच्या यादीतून देता येत नाही, आणि ते उत्तर घडवण्याची सामग्री याच मालेच्या पहिल्या निम्म्या भागात होती. यादीचा कागद घरी देऊन हा रविवार १९५७ ते २०२० या काळाला दिला असता, तर मी कोणतीही अट न घालता ही माला सुचवली असती.

सोयींबद्दल थोडक्यात : शुल्क माफक आहे, पालकांना वेगळे पैसे पडत नाहीत, सभागृहातले पंखे चालू असतात आणि वेळ पाळली जाते. बाहेरगावच्या मुलींसाठी शेवटच्या एसटीचा विचार करून तास संपवला जातो, हे विशेष नमूद करावेसे वाटते. टिपणे मात्र इंग्रजीत आहेत, आणि व्याख्यान इतक्या चांगल्या मराठीत असताना त्याचे कारण समजत नाही. नव्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी लिव्हरपूलचा रविवार चुकवू नये, त्या दिवशी लवकर जाऊन पुढे बसावे, आणि शेवटच्या रविवारी १९५७च्या कायद्याचा प्रश्न स्वतःहून विचारावा. सरांना तो विषय येतो, विचारले तर ते सांगतात.