एसीचा गॅस सरला नव्हता, अर्थिंग कच्ची होती: मोर्शी रोडवरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा अनुभव

मे महिना, वरूडचं ऊन, आणि गाडीचा एसी सकाळी सातला थंडगार, अकरानंतर नुसती गरम वाफ. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अमरावतीला न्यायचं होतं. मोर्शी येईपर्यंत बिचारीचा पदर घामानं ओला. ब्लोअर जोरात, पण कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) चालू होताना जो 'टक्' आवाज येतो, तोच गायब.

शहरातल्या एका एसीवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, गॅस संपला. १,८०० रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भट्टी. एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, कुठं लीक असेल तरच कमी होतो. हे मला १,८०० गेल्यावर सुचलं.

मग एका संत्रा व्यापाऱ्यानं मोर्शी रोडवरच्या या ऑटो इलेक्ट्रिशियन भाऊंचं नाव काढलं. कडुनिंबाखाली टिनाचं शेड, दारात जुन्या बॅटऱ्यांची थप्पी, पाटी अर्धी पुसलेली. भाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "बंद कवा पडते?" दुपारी, म्हटलं. "मंग सकाळी काहून आणली? दुपारी आना."

एकला गेलो. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं माठाचं पाणी पीत एसी बंद पडायची वाट पाहत बसलो. वीसेक मिनिटांनी पडला. भाऊंनी फ्यूज पाहिला, हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा डबा) काढून एसीच्या जागी लावला (दोन्ही एकाच नंबरचे होते), गॅसचा दाब पाहणाऱ्या प्रेशर स्विचचा कपलर (वायरचा जोड) हलवून पाहिला. काही फरक नाही. मग मीटर काढलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, कॉम्प्रेसरच्या कॉइलवर (त्याचा क्लच चुंबकानं खेचणारी) फक्त ९.२. "गॅस हाय भाऊ. गॅस नसता तं प्रेशर स्विचनं इथवर करंटच येऊ देला नसता. अर्थ कमी भेटून राह्यली." अर्थ म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी.

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी कॉइलच्या काळ्या वायरच्या थिंबलला (टोकाच्या धातूच्या कडीला). तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, दिसले साडेचारच्या वर. बॉडीवरचा नट खोलला तर थिंबलखाली गंज आणि हिरवट पांढरी पूड. पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला, नवीन थिंबल दाबून बसवलं, वरून ग्रीस. गाडी चालू केली, आणि टक्!

सकाळी चालून दुपारी का बंद, हेही त्यांनी सांगितलं. कॉइल तापली की करंट कमी ओढते, तिचं चुंबक ढिलं पडतं. त्यात अर्थ कच्ची, म्हणून कॉम्प्रेसरच्या क्लचची प्लेट खेचलीच जात नव्हती. थंड कॉइल कशीबशी निभावून नेत होती.

घेतले २५० रुपये. या कामाला दीड महिना झाला, परवा आई मागच्या सीटवरून म्हणाली, "जरा कमी कर रे."

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटामागं लिहून देतात. गॅसचं काम करत नाहीत, तसं सरळ सांगतात. ऑनलाइन पैसे चालत नाहीत, रोख न्या. आणि एसीचं काम असेल तर गाडी घरून तापवूनच न्या, नाहीतर तुम्हालाही माठाजवळ बसवून ठेवतील.