दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला कुठे शोधावा: मोबाइलवर की कोर्टाच्या नक्कल खिडकीवर?

शाळेच्या बसवर चालक ठेवताना लायसन्स, बॅज आणि अनुभव सगळेच बघतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: हा माणूस कधी दारू पिऊन गाडी चालवताना सापडला आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली दिल्लीतल्या शालेय बसबद्दल निर्देश दिले. अतिवेगाने, धोकादायक पद्धतीने किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ज्याच्यावर एकदा जरी झाला असेल, तो शाळेच्या बसवर नको, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. निर्देश दिल्लीपुरते होते, तरी आमच्या शाळेच्या परिवहन समितीने तोच दंडक धरला. फक्त जो खटल्यातून निर्दोष सुटला त्याला अडवायचं नाही, एवढी सवलत आम्ही ठेवली. मी पालक म्हणून त्या समितीत आहे आणि शोधाशोधीचं काम माझ्याकडे आहे. तुमच्याकडेही ते येणार असेल, तर पुढचं वाचा.

आधी थोडी जमेची बाजू. सिग्नल तोडल्याचा दंड भरला की प्रकरण तिथेच मिटतं. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चं तसं नाही. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघालं, तर तो गुन्हा रस्त्यावर तडजोडीने मिटवता येत नाही, तो न्यायालयासमोरच जातो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे रीतसर कारवाई झाली असेल, तर कुठल्या ना कुठल्या कोर्टात तिचा कागद असतोच. तो गाठायचे माझ्या अनुभवात दोन खरे मार्ग आहेत: घरी बसून ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ किंवा अ‍ॅप, आणि स्वतः कोर्टात जाऊन घेतलेली प्रमाणित नक्कल.

ई-कोर्ट्सबद्दल मी चांगलंच बोलेन. पैसे लागत नाहीत, रात्री अकराला बसलात तरी चालतं. तुमच्याकडे खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल, तर मिनिटभरात सगळं समोर येतं: कुठलं कोर्ट, कुठली कलमं, कधी कुठली तारीख पडली, निकाल कधी लागला, आरोपीने गुन्हा कबूल केला का. सीएनआर नसला तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष द्यायचं, प्रलंबित की निकाली ते निवडायचं. कायद्याच्या नावाने शोधायचीही सोय आहे. मोटार वाहन कायदा निवडून कलमाच्या रकान्यात 185 टाकलं की त्या कोर्टातली यादी उघडते. यादी लांबलचक असते, पण लहान तालुक्यात ती चाळणं शक्य आहे. एफआयआरच्या क्रमांकाने शोधण्याच्या मागे मात्र फार लागू नका. अपघात झालेला नसेल, तर नाकाबंदीत सापडलेल्या चालकावर बरेचदा एफआयआर न होता थेट खटला भरला जातो. यादीत असे खटले आमच्याकडे बहुतेक ‘एस.सी.सी.’ (समरी क्रिमिनल केस, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला) या प्रकारात सापडतात. मुंबईत नावं वेगळी आहेत, तिथे ‘एस.एस.’ बघा.

आता अडचण. माझा निर्णय हिच्यामुळेच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ई-कोर्ट्सवर नाव सापडतं, माणूस सापडत नाही. समजा उमेदवाराचं आडनाव चव्हाण आहे. कोर्टातल्या नोंदी बहुतेक इंग्रजी लिपीत, आणि चव्हाण इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतं आणि ‘जी’नेही. कुणी आडनाव आधी लिहिलेलं, कुणी शेवटी. वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर, कधी मुळीच नाही. शिवाय खटला जिथे पकडला तिथे चालतो, राहत्या गावी नाही. नांदेडचा मुलगा चाकणला टेम्पो चालवत असेल आणि रात्री नाशिक रस्त्यावर सापडला असेल, तर कुठलं न्यायालय निवडायचं? एका वेळी एकच न्यायालय संकुल, एकच वर्ष, आणि दर वेळी कॅप्चाची ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची.

हे सगळं चिकाटीने करता येतं, मी करतोही. पण शेवटी पडद्यावर उमेदवाराच्या नावाचा माणूस दिसतो, कलम 185, निकाली, गुन्हा कबूल. वय नाही. लायसन्स क्रमांक नाही. मला बघायला मिळालेल्या नोंदींत पत्ताही बहुतेक वेळा नव्हता. किरकोळ खटल्यात निकालपत्र चढवलेलं असेलच असं नाही, त्यामुळे तिथूनही काही कळत नाही. हा तोच का? एका वर्षी समितीपुढे अशीच नोंद आली. नाव तंतोतंत जुळत होतं, गावही जवळचं. बैठकीत दोन-तीन पालकांचं मत झालं, कशाला धोका घ्या, दुसरा बघू. त्यांची काळजी मला समजते, मुलं माझीही त्याच बसमध्ये बसतात. पण समोरचा माणूस बारा महिन्यांच्या पगाराच्या आशेने आलेला. केवळ नाव जुळतं म्हणून त्याला दारुडा ठरवून परत पाठवायचं, हे मला पटेना. मी आठवडाभराचा वेळ मागून घेतला आणि कोर्टात गेलो.

नक्कल मिळवणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. खटल्याचा क्रमांक आधीच हातात हवा, ‘नाव सांगतो, शोधून द्या’ असं कुणी ऐकून घेत नाही, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांपुढचा कागदांचा ढीग बघता ते बरोबरच आहे. अर्ज, कोर्ट फीचा स्टँप, नकलेचं शुल्क. तुम्ही खटल्यात पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी ते कारण लिहावं लागतं आणि अर्ज न्यायाधीश साहेबांपुढे जातो. फाइल कोर्टातून अभिलेख कक्षात गेलेली असेल, तर आणखी दिवस जातात. खटला फार जुना असेल तर कागद मुदतीनंतर नष्टही झालेले असतात, मग निरुपाय. जवळपास पोलीस ठाण्याचा पैरवी अधिकारी, म्हणजे ठाण्याच्या वतीने कोर्टातलं काम बघणारा पोलीस, भेटला तर त्याला विचारा. कुठला खटला कुठल्या कोर्टापुढे चालला हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

पण कागद हातात पडला की शंका उरत नाही. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्याच्या कागदात आरोपीचं पूर्ण नाव, वय, पत्ता, गाडीचा क्रमांक, लायसन्सचा तपशील आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरचा आकडा असतो. आमच्या प्रकरणात पडद्यावरचा माणूस वयाने कितीतरी मोठा निघाला, पत्ता दुसऱ्याच तालुक्यातला. उमेदवाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो आज आमच्या बसवर आहे.

मधले रस्तेही लोक सुचवतात. माहिती अधिकारात अर्ज टाका, असं हमखास कुणीतरी म्हणतं. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकारातून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये दिला आहे, त्यामुळे तो नाद सोडा. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र जरूर घ्या, पण दुसऱ्या जिल्ह्यात एफआयआरविना झालेली 185 ची कारवाई त्यात उतरेलच यावर मी विसंबणार नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून त्याची आजची स्थिती बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

मग निवड कशी करावी? तुम्हाला फक्त अंदाज हवा असेल, म्हणजे घरच्या गाडीवर महिन्यातून एखादवेळी कुणाला बोलावायचं असेल, तर ई-कोर्ट्स कदाचित पुरेसं होईल. उमेदवाराचं नाव विरळ असेल तेव्हाही. नोंद सापडलीच नाही, तर मी तरी कोर्टात खेटे घालत नाही. मात्र नोंद सापडली आणि तिच्यावरून कुणाला नकार द्यायचा असेल, तर माझं मत नकलेकडे झुकतं, कितीही हेलपाटे पडले तरी. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, मोठ्या शहरात गर्दी पाहता तो असेलही.

आम्ही आता दोन्ही जोडून वापरतो. क्रमांक मोबाइलवर शोधायचा आणि नकलेचा अर्ज शक्यतो चालकालाच करायला सांगायचा, खर्च समितीचा. खटला त्याचा असेल तर तो आरोपी म्हणून हक्काने नक्कल मागू शकतो आणि कारण लिहिण्याचा प्रश्न येत नाही. खटला आपला नाही असं तो म्हणत असेल, तर समिती अर्ज करते आणि त्याचं संमतीपत्र व आधारची प्रत सोबत जोडते. या मार्गाला वेळ लागतो, म्हणून जूनला सुरू होणाऱ्या शाळेसाठी नव्या चालकांची नावं आम्ही मार्चमध्येच मागवतो.